डाव्या चाकाचे नऊ मिलिमीटर

सोमवारी नंबरबाईंना नुसता राग आला होता. संशय आला तो गुरुवारी, टायरवाल्याच्या दुकानात.

नंबरबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. सव्वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवून त्यांनी अर्ध्या गावाच्या डोळ्यांचे नंबर काढले होते, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. बाई मोजमापाच्या पक्क्या. फ्रेम अर्धा मिलिमीटर कलली तरी त्यांना चैन पडत नसे. आणि अशा बाईंना शौक होता गाडीचा. साधीसुधी गाडी नव्हे. गडद हिरवी, दोन माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी स्पोर्ट्स कार. वडिलांनी तरुणपणी घेतलेली. आई गेल्यावर वडील लेकीकडेच राहायला आले, ते गाडीसकट. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी किल्ली बाईंच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "गुडघे साथ देत नाहीत आता. तूच चालव."

जुन्या गाड्यांच्या मंडळाला वर्षातून एक रविवार शर्यतीचा ट्रॅक मिळायचा. बक्षीस वगैरे काही नाही. घड्याळ लावायचं, फेऱ्या मारायच्या आणि आपली वेळ फळ्यावर लिहायची. नंबरबाई दोन वर्षं गेल्या आणि दोन्ही वर्षं फळ्यावर त्यांच्या वर त्यांचे दीर होते. भावजींची गाडी त्याच बनावटीची, फक्त लाल. पण त्यांच्या गाडीला ट्रॅकचे टायर होते, रुंद आणि मऊ रबराचे, वळणावर रस्त्याला चिकटून राहणारे. बाईंच्या गाडीला मात्र तेच आपले जुन्या मापाचे, एकशेपंच्याहत्तर.

टायरच्या अंगावर जे आकडे असतात त्यातला पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची सांगतो, रुंदीच्या किती टक्के ते. तिसरा रिमच्या व्यासाचा, इंचात. नंबरबाईंनी महिनाभर वही घेऊन हिशेब मांडला होता. दोनशेपाच–साठ–चौदा घेतला तर टायर तीस मिलिमीटरनं जास्त रुंद होणार, पण एकूण उंची जवळजवळ मूळचीच राहणार. म्हणजे वेगाचा काटा खोटं बोलणार नाही, गिअरचं गणित बिघडणार नाही आणि पकड मात्र भरपूर. हे सगळं त्यांनी सोमवारी मिस्त्रीकाकांपुढे मांडलं.

मिस्त्रीकाका म्हणजे वडिलांच्या वेळेपासून त्या गाडीला हात लावणारा एकमेव माणूस. सत्तरीला आलेला, कमी बोलणारा. बाईंना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"पंच्याहत्तरच घ्या, ताई. रस्त्याचेच. नवे घ्या हवं तर."

"अहो, पण मी ट्रॅकवर चाललेय."

"म्हणूनच सांगतोय."

"काका, कारण तरी सांगाल की नाही?"

"जुनी गाडी आहे," असं म्हणून ते दुसऱ्याच गाडीच्या बॉनेटमध्ये शिरले. बाई आपल्या गाडीखाली डोकावायला वाकल्या तर आतूनच ओरडले, "खाली नका जाऊ! तेल सांडलंय." बाईंना काही तेल दिसलं नाही. पण राग इतका आला होता की तेवढ्यावर त्या निघूनच आल्या.

गुरुवारी दुकान अर्धा तास लवकर बंद करून त्या टायरवाल्याकडे गेल्या. त्यानं आकडा ऐकला मात्र, त्याचा चेहरा उतरला.

"दोनशेपाच नाही मिळणार, मॅडम. येतच नाहीत हल्ली."

नंबरबाईंची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या घडवंचीवर गेली. लांबचं वाचणं हा त्यांचा धंदाच. खालून दुसऱ्या ओळीत चार टायर, काळेकुळकुळीत, अंगावर स्पष्ट आकडे: दोनशेपाच, साठ, चौदा. शेजारचा चार आकडी शिक्कासुद्धा त्यांनी वाचला. बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. चार महिन्यांपूर्वीचेच.

"मग ते कोण आहेत मागे बसलेले?"

टायरवाला मागे वळला, पुन्हा पुढे वळला आणि डोकं खाजवू लागला. "ते... ते ठेवलेत कुणासाठी तरी."

"कुणासाठी?"

"मॅडम, खरं सांगू का? मला मिस्त्रींचा फोन आला होता. म्हणाले, ताई येतील, त्यांना रुंद टायर देऊ नकोस. आता त्यांच्याकडून मला गिऱ्हाइकं येतात, मी काय करू? तुमच्या रिमवर ते तसेही जरा फुगतीलच. पण बसत नाहीत असं नाही."

नंबरबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. सल्ला देणं वेगळं आणि पाठीमागे फोन करून वाट अडवणं वेगळं. सोमवारी कारण न सांगणारा माणूस बुधवारपर्यंत फोन करत सुटतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

येताना त्या मुद्दाम गॅरेजवरून आल्या. शटर अर्धं खाली होतं. खालून लाल रंगाचं बॉनेट दिसत होतं आणि दोन माणसांचे पाय. एक मिस्त्रीकाकांच्या चपला. दुसरे भावजींचे बूट. ते पांढरे बूट बाई हजारात ओळखतील. बाईंनी स्कूटर थांबवली तसं आतलं बोलणं थांबलं. त्या शटरखालून वाकून म्हणाल्या, "काय भावजी, काय चाललंय?"

"काही नाही, वहिनी. ब्रेक बघायला आणली होती."

आणि शनिवारी संध्याकाळी हेच भावजी घरी येऊन, चहाचा कप हातात घेऊन, अगदी सहज म्हणाले, "वहिनी, दोनशेपाचच्या फंदात पडू नका. फार तर एकशेपंच्याऐंशी घ्या. तेही कडक रबराचे."

"तुम्ही काय लावलेत?"

"मी... एकशेपंच्याण्णव. पण माझी गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? एकाच कारखान्यात, एकाच वर्षी बनलेल्या गाड्या आहेत."

भावजींनी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं आणि ते काढण्यात त्यांनी बराच वेळ घालवला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून वडील बोलले, अनपेक्षित तिखटपणे, "मिस्त्री सांगतो ते ऐकावं. गाडीतलं त्याला कळतं."

झालं. आता तीन माणसं एकच पाढा म्हणत होती. भावजी गेल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "यांचं काहीतरी ठरलंय. फळ्यावर स्वतःचं नाव खाली यायला नको म्हणून तुमच्या भावानं मिस्त्रीकाकांना हाताशी धरलंय."

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि स्वभावानं थंड होता. "अगं, तू चष्म्याच्या दुकानात कशी गेलीस? पोलीस खात्यात हवी होतीस," तो म्हणाला. "आणि बाबा? बाबा कशाला त्या कटात असतील?"

बाईंनी ठरवलं, कुणालाच विचारायचं नाही. मोजायचं.

रविवारी सकाळी अंगणात गाडी सपाट फरशीवर उभी केली. नवऱ्याला चालकाच्या जागी बसवलं. बाईंनी दुकानातली स्टीलची बारीक पट्टी आणली, जमिनीवर चटई टाकली आणि आडव्या झाल्या. हेतू साधा होता. रुंद टायर बसवला तर तो वळताना मडगार्डला घासेल का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी आत्ताच्या टायरपासून मडगार्डची मागची कड किती लांब आहे ते दोन्ही बाजूंनी मोजायला हवं.

"चाक सरळ ठेवा. हलवू नका."

उजवीकडे तेवीस मिलिमीटर आले. बाईंनी वहीत लिहिलं. मग डावीकडे गेल्या. चौदा.

पट्टी चुकीची लागली असेल म्हणून पुन्हा मोजलं. चौदा. टायरमधली हवा बघितली, दोन्हींत सारखी. मडगार्ड वाकला असेल म्हणून दाराच्या कडेपासून मोजलं. मडगार्ड दोन्हीकडे सारखा. मग त्यांनी ओळंबा आणला, चारही चाकांच्या मध्यापासून खाली सोडला, फरशीवर खडूच्या चार खुणा केल्या आणि पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतर टेपनं घेतलं. डावी बाजू उजवीपेक्षा नऊ मिलिमीटरनं आखूड. म्हणजे मडगार्ड जागेवर होता. डावं पुढचं चाकच मागे सरकलं होतं.

"नऊ मिलिमीटर म्हणजे केवढे?" नवऱ्यानं आतून विचारलं.

"बोटाच्या नखाएवढे."

"मग?"

"चाक आपण होऊन मागे जात नाही. कुणीतरी ढकललं तरच जातं."

जॅक लावून, खाली ठोकळे देऊन त्यांनी चाक काढलं. चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला बसतो, तिथे काळा डांबरी रंग जरा जास्तच जाड होता. उजव्या बाजूला तसा नव्हता. बाईंनी स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. खालून वेल्डिंगचा जाड वळ निघाला. काम सुबक होतं, मन लावून केलेलं, आणि त्यावर रंग फासलेला होता.

त्या चटईवर तशाच बसून राहिल्या. तीन वर्षं त्या याच गाडीत बसून भाचीला फिरवून आणत होत्या. मागच्या वर्षी ट्रॅकच्या लांब वळणावर त्यांनी ऐंशीचा वेग ठेवला होता.

सोमवारी गॅरेज उघडायच्या आधीच नंबरबाई दारात हजर. मिस्त्रीकाका कुलूप काढत होते. बाईंनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ विचारलं, "डावा आर्म कुणी जोडला?"

कुलूप त्यांच्या हातात राहिलं. "मी."

"कधी?"

"तीन वर्षं होतील."

"गाडी कुठे आपटली होती?"

मिस्त्रीकाकांनी शटर वर सारलं, आत जाऊन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "माझ्या हातून झालं, ताई. ट्रायल घ्यायला काढली होती. आडवं कुत्रं आलं, मी वळवली, कठड्यावर गेली. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

बोलताना ते जमिनीकडे बघत होते. नंबरबाईंना आधी संताप आला, आणि मग, संतापाच्या मधोमध, काहीतरी जुळेना. वडिलांनी ती गाडी जन्मात कुणाला एकट्याला दिली नव्हती. बाईंनासुद्धा नाही, किल्ली हातात ठेवेपर्यंत. मिस्त्रीकाका ट्रायल घ्यायचे ती वडील शेजारी बसलेले असताना.

"बाबा शेजारी होते तेव्हा?"

मिस्त्रीकाका हातातलं कुलूप फडक्यानं पुसू लागले.

"काका, बाबा शेजारी होते की तुम्ही शेजारी होता?"

"ताई, मी शब्द दिलाय. तुम्ही त्यांनाच विचारा."

"शब्द दिलात, आणि मला या गाडीत ट्रॅकवर जाऊ दिलंत? दोनदा?"

आता मात्र म्हातारा उठला. "जाऊ दिलं, कारण तो जोड मी दर महिन्याला दिवा लावून बघत होतो. पंच्याहत्तरच्या कडक टायरवर गाडी वळणात जरा घसरते. घसरली की जोर निघून जातो. तुमचे ते मऊ, रुंद टायर घसरत नाहीत, ताई. रस्ता सोडत नाहीत. मग तो सगळा जोर जातो कुठे? आर्ममधून त्या जोडावर. तिथे तो जोड टिकेल असं मी छातीला हात लावून सांगू शकत नव्हतो. म्हणून टायरवाल्याला फोन केला. म्हणून तुमच्या दिरांना म्हटलं, जरा समजवा."

"भावजींना हे माहीत आहे?"

"त्यांना एवढंच सांगितलं की रिम नाजूक आहे. त्यांनी फार विचारलंही नाही. खूश झाले बहुतेक."

नंबरबाई घरी आल्या तेव्हा वडील गच्चीत ऊन खात बसले होते. बाई समोर वेताचा मोडा ओढून बसल्या.

"बाबा, गाडी कठड्यावर कशी गेली?"

वडिलांनी चेहरा त्यांच्याकडे वळवला, पण नजर कानाशेजारून कुठेतरी पलीकडे गेली. तशी ती कितीतरी दिवस जात होती, आणि बाईंच्या ते आत्ता ध्यानात आलं.

"मिस्त्री बोलला?"

"नाही. त्यांनी स्वतःवर घेतलं."

"वेडा आहे," वडील म्हणाले. "दिसला नाही मला कठडा. भर सकाळी. मिस्त्री शेजारी होता, त्यानं स्टिअरिंग ओढलं म्हणून चाकावर निभावलं. कठड्याच्या पुढे, चार हातांवर, एक माणूस सायकल धरून उभा होता. तोही नव्हता दिसला. त्याच आठवड्यात तुला किल्ली दिली."

"पण बाबा, त्याच्या दोन महिने आधी मी तुमचे डोळे तपासले होते. तुम्ही शेवटची ओळ वाचलीत."

"तुझ्या दुकानात रोज दुपारी बाकावर बसायचो ना मी. दिवसाला दहा गिऱ्हाइकं तोच तक्ता वाचायची." आणि त्यांनी गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून शेवटची ओळ म्हणून दाखवली, अक्षर न अक्षर, न अडखळता. "वाचली नव्हती, पोरी. पाठ होती."

गुरुवारपासून नंबरबाई सगळ्या जगावर संशय घेत होत्या. टायरवाल्यावर, दिरावर, ज्यांनी गाडी चालवायला शिकवलं त्या मिस्त्रीकाकांवर. आणि ज्या एका माणसाची तपासणी करणं हे त्यांचं काम होतं, त्याचा तक्ता बदलण्याचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. की आलं होतं आणि त्यांनीच ते बाजूला सारलं होतं? त्या दिवशी वडिलांनी ओळ जरा जास्तच भराभर म्हटली होती, हे त्यांना आता स्वच्छ आठवलं. आपल्याला किती हायसं वाटलं होतं, तेही.

"सांगायचं तरी," त्या शेवटी म्हणाल्या.

"तू गाडी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"मग कसं सांगणार?"

त्यावर बाई रडल्या आणि ओरडल्यासुद्धा. शेजारच्या गच्चीतल्या वहिनी कपडे वाळत घालायचे सोडून आत गेल्या. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "मिस्त्रीला बोलू नकोस. मी त्याच्या गळ्यात घातलं ते."

बोलायचं ते बाई बोलून आल्याच होत्या. पण दुसऱ्या दिवशी त्या दोन कामांना लागल्या. वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध गेला होता, तो परत येणार नव्हता. डाव्यात पिकलेला मोतीबिंदू होता, तो निघण्यासारखा होता. आणि गाडी त्यांनी दुसऱ्या कारखान्यात नेली, जिथे आपटलेल्या गाड्यांचे सांगाडे लोखंडी चौकटीत आवळून सरळ करतात. मिस्त्रीकाकांना सोबत यायला लावलं. "तुम्ही काय केलंत ते तुमच्या तोंडानं त्यांना सांगा," बाई म्हणाल्या. मिस्त्रीकाकांनी सांगितलं. तिथल्या माणसानं जुना जोड कापून काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "काम चांगलं आहे." मग नखानं एक केसाएवढी रेघ दाखवली. "पण फुटायला लागलं होतं."

मिस्त्रीकाकांनी तो तुकडा हातात घेतला. दर महिन्याला दिवा लावून बघितलेली ती जागा, आणि ही रेघ त्यांना दिसली नव्हती. नंबरबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "काका, उद्या दुकानात या. तुमचाही नंबर काढू." त्यांनी मान डोलावली.

नवा भाग बसला. अंगणात पुन्हा ओळंबा सोडला तेव्हा दोन्ही बाजू अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारख्या आल्या. टायरचा हिशेब बाईंनी नव्यानं मांडला, आणि या वेळी सगळी माणसं टेबलाभोवती बसून उघडपणे भांडली. दोनशेपाच त्या साडेपाच इंच रुंदीच्या रिमवर फुगतो, त्याची भिंत वळणात वाकते, हे टायरवाल्यानं दोन टायर शेजारी ठेवून दाखवलं. एकशेपंच्याऐंशी–साठनं गाडी बोटभर खाली येते आणि पोट घासतं. राहिला एकशेपंच्याण्णव–साठ. गाडी पाच-सहा मिलिमीटर खाली, काटा शंभरावर दोनएक जास्त दाखवणार. चालण्यासारखं होतं.

"म्हणजे माझंच माप," भावजी म्हणाले. "मी नको म्हणत होतो तेव्हा मला वहिनी काय काय म्हणाल्या असतील मनात!"

"मनात नाही, मोठ्यानं म्हणत होती," नवरा म्हणाला.

"पण भावजी, खरं सांगा. रिम नाजूक आहे ऐकून बरं वाटलं होतं की नाही?"

भावजी लाजले. "थोडं वाटलं."

ट्रॅकच्या रविवारी आकाश स्वच्छ होतं. पहिल्या दोन फेऱ्या नंबरबाईंनी टायर तापवण्यात घालवल्या. तिसऱ्या फेरीत लांब वळणावर त्यांनी पाय दाबून ठेवला. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या चाकावर येतो. बाईंचे कान तिकडेच होते. कागद सांगतात सांगाडा सरळ आहे, टेप सांगतो सरळ आहे, तरी मन म्हणत होतं, ऐक, काही कुरकुरतंय का. काही कुरकुरलं नाही. टायर रस्त्यावर घट्ट बसले, गाडीनं वळण पुरं केलं, आणि बाईंनी रोखून धरलेला श्वास सरळ रस्त्यावर आल्यावर सोडला.

फळ्यावर त्या भावजींच्या खालीच आल्या, चार दशांश सेकंदांनी. मोतीबिंदू काढून तीन आठवडे झालेले वडील कठड्याशी काळा चष्मा लावून उभे होते. भावजी त्यांच्या शेजारी आले, तेव्हा वडिलांनी एका डोळ्यानं फळा नीट वाचला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तुझं काही खरं नाही."